गुरुजी, आपण आणि मधला बांध

जुन्नर-आंबेगावकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, "बांध म्हणजे काय हो?" तो हसून म्हणेल, "बांध म्हणजे निम्मी भांडणं!" पण खरं पाहिलं तर बांध असतो तो भांडण होऊ नये म्हणून. हा कांदा माझा, पलीकडचा ऊस तुझा, हे एकदा ठरलं की दोघंही निवांत. त्याच बांधावर बसून दोन्हीकडची माणसं दुपारी भाकरी सोडतात, एकमेकांच्या हातावर ठेचा ठेवतात. बांध आहे म्हणून तर शेजार टिकतो!

मग भांडण लागतं कधी? कुणीतरी बांध कोरायला लागलं की. हा प्रकार मोठा चोरटा असतो बरं का. नांगरताना एक तास जरासं आत घ्यायचं. यंदा वीतभर, पुढच्या वर्षी आणखी वीतभर. पहिल्या वर्षी कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या वर्षी लक्षात येतं, पण 'एवढ्याशासाठी काय बोलायचं?' म्हणून माणूस गप्प बसतो. पाच-सात वर्षांनी पाहावं, तर बांधच गायब!

आज आपण अशाच एका बांधाबद्दल बोलणार आहोत. हा बांध शेतात नाही, शाळेत आहे. शिकवणारे आणि शिकणारे यांच्यामधला. तो डोळ्यांना दिसत नाही. पण तो असतो आणि असायलाच हवा. शाळेत तर हवाच, पण शाळेबाहेर आणि मोबाइलवरही हवा.

गुरुजी गावचेच!

मोठ्या शहरात शाळा सुटली की शिक्षक एका दिशेला आणि मुलं दुसऱ्या दिशेला. दुसऱ्या दिवशी घंटा होईपर्यंत गाठ नाही. आपल्याकडे तसं कुठं आहे? जिल्हा परिषदेच्या शाळेतले 'गुरुजी' आणि 'बाई', किंवा हायस्कूलमधले 'सर' आणि 'मॅडम', घोडेगावच्या बाजारात भाजी घेताना भेटतात. नारायणगावच्या स्टँडवर त्याच एस.टी.ची वाट पाहत उभे असतात. यात्रेत बैलगाड्याच्या घाटावर आपल्याच शेजारी उभे राहून "भिर्रर्र!" म्हणून ओरडतात. कधी ते आपले मामाच असतात, म्हणजे घरी 'मामा' आणि वर्गात 'सर'. कधी आपल्या बाबांचेही तेच गुरुजी असतात!

यात वाईट काहीच नाही. उलट हे फार छान आहे. घरी दोन दिवस आई आजारी आहे, म्हणून पोराचा अभ्यास झाला नाही, हे गावच्या गुरुजींना न सांगता कळतं.

पश्चिमेकडे डिंभ्याच्या पाण्याच्या कडेनं, भीमाशंकरच्या डोंगररांगेकडे गेलं, की शाळा आणि घर यांतलं अंतर आणखी कमी होतं. तिथं आश्रमशाळा आहेत. आदिवासी विकास विभागाच्या घोडेगाव प्रकल्प कार्यालयाखाली त्या चालतात. हिरडा गोळा करणाऱ्या, भातशेती करणाऱ्या आईबापांची मुलं तिथं राहूनच शिकतात. शाळा सुटते, पण मुलं शाळेतच असतात! जेवण तिथं, झोप तिथं, ताप आला तर औषधही तिथंच. अशा ठिकाणी शिक्षक आणि अधीक्षक हेच काही महिने आई-बाबांच्या जागी असतात. जिथं माया जास्त, विश्वास जास्त, तिथं बांधही अधिक नीट राखावा लागतो.

एक जुने वसतिगृह

आता कुणी म्हणेल, "बांध म्हणजे शिक्षकांनी दूर दूर राहायचं का? मुलांशी नुसतं कोरडं वागायचं का?" छे, मुळीच नाही!

साने गुरुजी तुम्हाला माहीतच आहेत. १९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. १९३० साली स्वातंत्र्याच्या लढ्यात उडी घेण्यासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. मधल्या काळात शाळेच्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तिथं ते मुलांच्या पसरलेल्या खोल्या आवरायचे, आजारी मुलाची सेवा करायचे. म्हणजे मुलांच्या इतके जवळ, की त्याहून जवळ शिक्षक जाऊच शकत नाही.

पण गुरुजींनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक सुरू केलं. छापलेलं नाही हं, हातानं लिहिलेलं! मुलांना जे सांगायचं, जे समजवायचं, ते त्यात लिहिलेलं असे आणि ते सगळ्यांसाठी असे. कुणा एकाच्या कानात सांगायचं, बाकीच्यांपासून लपवायचं, असा तो मामला नव्हता. माया भरपूर, पण सगळी उजेडात आणि सगळ्यांसाठी.

बांध म्हणजे हेच. तो माया अडवत नाही. तो फक्त अंधार अडवतो.

मग आला मोबाइल

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असा कार्यक्रम सरकारनं हाती घेतला. एका रात्रीत प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप गट तयार झाला. ज्या वाड्यांवर रेंज नव्हती, तिथली मुलं टेकडीवर चढून बसू लागली. कितीतरी शिक्षक वाडी-वाडीवर गेले, देवळाच्या ओट्यावर, झाडाखाली वर्ग भरवू लागले. त्या शिक्षकांचे उपकार विसरता येणार नाहीत.

साथ गेली, शाळा उघडल्या. पण गट राहिले. सरांचा नंबर आपल्याकडे राहिला, आपला नंबर सरांकडे राहिला. गृहपाठ गटावर, सहलीची सूचना गटावर, पावसामुळे सुट्टी जाहीर झाली तर तीही गटावर. सोय झाली, हे खरंच.

पण वर्ग आणि मोबाइल यांत एक मोठा फरक आहे. कोणता, ते पाहा.

वर्गाला दार असतं आणि ते उघडं असतं. व्हरांड्यातून कुणी ना कुणी जात असतं. सर काय म्हणाले, ते चाळीस मुलांनी ऐकलेलं असतं. शाळेला वेळ असते, घंटा झाली की संपली. मोबाइलवरच्या एकट्याच्या निरोपाला मात्र ना दार, ना व्हरांडा, ना घंटा. रात्री साडेदहाला गोधडीत पडल्या पडल्या "काय करतेस?" असा निरोप आला, तर तो घरात कुणालाही दिसत नाही. हाच प्रश्न गुरुजींनी चारचौघांत, दारात उभं राहून विचारला असता, तर आजीनंच उत्तर दिलं असतं, "अभ्यास करतीय हो. या ना, चहा घ्या!"

कळलं ना? शब्द तेच असतात, पण जागा आणि वेळ बदलली की त्यांचा अर्थ बदलतो.

अमेरिकेतली एक गंमत

हा पेच काही आपल्यालाच पडलेला नाही. अमेरिकेत मिसुरी नावाचं राज्य आहे. तिथं २०११ साली एक कायदा झाला. शिक्षकांनी विद्यार्थ्यांशी इंटरनेटवर असं बोलायचं नाही, की जे पालकांना आणि शाळेला पाहता येणार नाही. लोक त्याला 'फेसबुक कायदा'च म्हणू लागले.

हेतू चांगला होता. पण शिक्षक म्हणाले, "अहो, आमची स्वतःची मुलंही याच शाळांत शिकतात. मग आम्ही त्यांच्याशीही बोलायचं नाही का?" शिक्षकांची संघटना न्यायालयात गेली. ऑगस्ट २०११ मध्ये न्यायाधीशांनी कायद्याच्या त्या भागाला तात्पुरती स्थगिती दिली. काही आठवड्यांतच तिथल्या विधिमंडळानं तो भाग बदलला. नवा नियम असा झाला की, सरसकट बंदी नको. शिक्षकांनी विद्यार्थ्यांशी कसं बोलावं, याचे लेखी नियम तिथल्या शाळांनीच करावेत.

आपल्याला यातून काय घेता येईल? जिथं मामाच सर असतात, त्या आपल्या गावात 'बोलायचंच नाही' हा नियम चालणार नाही. पण 'कसं बोलायचं' हे मात्र ठरवता येतं. आणि ते आधीच ठरवलं, तर कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही.

बांध कसा कोरला जातो?

आपल्याकडचे बहुतेक शिक्षक मनापासून शिकवणारे आहेत. ही गोष्ट आधी पक्की लक्षात ठेवा. पण हजार माणसांत एखादा वाईट निघतो, तो दुकानदार असू शकतो, नातेवाईक असू शकतो, तसा शिक्षकही असू शकतो. असा माणूस पहिल्याच दिवशी वाईट वागत नाही. तो बांध कोरतो. वीत वीत करून.

आधी सगळ्यांपेक्षा जास्त कौतुक. मग 'फक्त तुझ्यासाठी' आणलेली भेट किंवा खाऊ. मग गट सोडून वेगळे निरोप, तेही रात्रीचे. मग स्वतःच्या घरातली दुःखं सांगणं, "तूच मला समजून घेतेस" किंवा "तूच मला समजून घेतोस" म्हणणं. मग "हे आपल्यातच राहू दे हं." मग "हा निरोप वाचला की पुसून टाक." मग एकट्याचा फोटो मागणं, एकट्याला बोलावणं, नको असताना अंगाला हात लावणं.

यातलं पहिलं पाऊल पाहिलं तर काहीच वाटत नाही. कौतुक तर चांगलेही शिक्षक करतात! म्हणून एकट्या पावलाकडे पाहू नका, दिशा पाहा. तास आत आत सरकतंय का? हे ओळखायला तीन साधे प्रश्न पुरतात.

पहिला : हे सगळ्यांसाठी आहे का, की माझ्या एकट्यासाठीच?
दुसरा : हे आई-बाबांसमोर, वर्गासमोर सांगता येईल का?
तिसरा : मी 'नको' म्हटलं, तर चालेल का? की राग, टोमणे, गुण कमी, असं काही होईल?

तिन्ही उत्तरं ठीक आली, तर खुशाल पुढं जा. एकही अडलं, तर थांबा आणि घरी बोला. आणि कुणी म्हणालं, "कुणाला सांगू नकोस," तर ती गोष्ट नक्की सांगायची! वाढदिवसाची गंमत लपवणं वेगळं. ती दोन दिवसांनी सगळ्यांना कळणारच असते. कायमचं लपवायला सांगितलेलं गुपित मात्र वेगळं असतं.

"पण मीच हो म्हटलं होतं ना?" असं कुणाच्या मनात येईल. तर ऐका. शिक्षकांच्या हातात तुमचे गुण असतात, तोंडी परीक्षा असते, वर्गातली तुमची पत असते. त्यांना 'नाही' म्हणणं मोठ्या माणसालाही अवघड जाईल, मग मुलाची काय कथा? म्हणून बांध राखण्याची जबाबदारी कायम मोठ्या माणसाची असते. इंग्लंडमध्ये तर २००३ सालच्या कायद्यानं शिक्षकाच्या जागेला 'विश्वासाचं स्थान' मानलं आहे. तिथं सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यानं हो म्हटलं, तरी शिक्षकाचा गुन्हा तो गुन्हाच. चूक मुलाची धरली जात नाही.

तुम्हीच सांगा!

आता थोडा सराव करू. आधी उत्तर मनात धरा, मग पुढं वाचा.

*१. शाळा सुटायला उशीर झाला. वाट उसाच्या कडेनं जाते. बिबट्याची भीती आहे. सर म्हणाले, "चल, मोटारसायकलवर सोडतो."*

आपल्या भागात बिबट्याचं भय खोटं नाही. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. अंधारात एकट्या मुलाला धाडण्यापेक्षा सोडणं बरंच. पण निघण्याआधी सरांनी घरी फोन करून सांगावं, जमल्यास दोन मुलं बरोबर न्यावीत आणि सरळ घरीच सोडावं. चांगले शिक्षक हे आपणहून करतात. सरांनी नाही केलं, तर तुम्ही म्हणा, "सर, आईला फोन करून सांगतो हं." यात उद्धटपणा काही नाही.

*२. गणित अडलंय. रात्रीचे दहा वाजलेत. मॅडमना फोन करू का?*

नको! मॅडमनाही घर आहे, मुलं आहेत, दिवसभराचा शीण आहे. प्रश्न वहीत लिहून ठेवा, सकाळी विचारा. गटावर विचारायचाच, तर संध्याकाळी वेळेत विचारा. तुम्हाला अडलेलं आणखी दहा जणांना अडलेलं असतं, त्यांचाही फायदा होईल.

*३. सर म्हणाले, "माझ्याकडे शिकवणी लाव, नाहीतर गुणांचं मी सांगू शकत नाही."*

हा बांध नुसता कोरला नाही, नांगर सरळ पलीकडे घातला! मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या कलम २८ प्रमाणे शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. ही गोष्ट घरी सांगा. आई-बाबा मुख्याध्यापकांशी बोलतील. याच कायद्याचं कलम १७ सांगतं की, मुलांना मारायचं नाही आणि मानसिक त्रासही द्यायचा नाही.

*४. सरांनी इन्स्टाग्रामवरच्या तुमच्या प्रत्येक फोटोवर काहीतरी लिहायला सुरुवात केली आहे.*

वाईट हेतू असेलच असं नाही. पण शिक्षकाचं ते काम नाही. तुमचं खातं खासगी करा, ओळखीच्या मित्रमैत्रिणींपुरतंच ठेवा. घरी दाखवा. आई किंवा बाबा शांतपणे सांगतील, "सर, अभ्यासाचं असेल तर गटावर लिहीत जा."

*५. आश्रमशाळेत एका मुलीला ताप आला. अधीक्षिका बाई रात्री उठून तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसल्या.*

यात काही खटकलं का? मुळीच नाही! कारण खोलीत इतर मुली आहेत, दार उघडं आहे, सकाळी घरी कळवलं जाणार आहे. माया आणि बांध एकाच खोलीत गुण्यागोविंदानं नांदतात, ते असे.

आपल्या बाजूचा बांध

बांधाला दोन बाजू असतात हं! पलीकडच्यानं कोरायचा नाही, तसा आपणही कोरायचा नाही.

वर्गात चोरून बाईंचा व्हिडिओ काढायचा, त्याला विनोदी गाणं लावायचं आणि पुढं धाडायचं. सरांच्या फोटोची टिंगल करून स्टेटस ठेवायचं. त्यांच्या नावानं खोटं खातं उघडायचं. परीक्षेत गुण कमी पडले म्हणून रात्री-बेरात्री अनोळखी नंबरवरून फोन करायचे. यातलं काही 'गंमत' नाही. आता तर यंत्राच्या मदतीनं खोटे फोटो आणि खोटे आवाजही तयार करता येतात. एखाद्या माणसाचं नाव त्यामुळे अर्ध्या तासात तालुकाभर खराब होऊ शकतं. त्या बाईंनाही आई-वडील आहेत, मुलं आहेत. त्यांची मुलं कदाचित तुमच्याच शाळेत खालच्या वर्गात आहेत. उद्या ती मुलं मैदानात कशी येतील, याचा विचार करा.

आणखी एक. राग आला म्हणून शिक्षकांवर खोटा आळ घेणं हा फार मोठा अन्याय आहे. एका खोट्या तक्रारीमुळे दहा खऱ्या तक्रारींवर लोक शंका घेतात. पण म्हणून खरं घडलेलं सांगायला कचरू नका. 'मला नक्की कळत नाही, पण बरं वाटत नाही,' एवढं सांगणंसुद्धा खरंच असतं. ते खोटं नसतं. नक्की काय ते शोधणं मोठ्यांचं काम आहे.

बांध मोडलाच तर?

शेताचा बांध मोडला, तर शेतकरी मोजणी मागवतो, खुणेचे दगड शोधतो. इथंही तशी सोय आहे.

मुलांना लैंगिक त्रासापासून वाचवणारा 'पॉक्सो' नावाचा कायदा २०१२ साली झाला आणि १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनाच्याच दिवशी, लागू झाला. अठरा वर्षांखालचा प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी या कायद्याच्या छत्रीखाली येते. हो, मुलगेसुद्धा! शाळेतल्या माणसानं असा गुन्हा केला, तर तो अधिक गंभीर मानला जातो. वाईट हेतूनं मोबाइलवरून सारखा पिच्छा पुरवणं हाही यात गुन्हा आहे.

हा कायदा मुलांची काळजी कशी घेतो, ते पाहा. पोलिसांसमोर मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला आवडेल अशा ठिकाणी घेता येतो. जबाब घेताना पोलिसांनी गणवेशात यायचं नाही. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. वर्तमानपत्रात मुलाचं नाव, गाव, शाळा, काही काही छापायचं नाही. आणि असा गुन्हा ज्याला कळला, त्यानं तो पोलिसांना कळवलाच पाहिजे. 'शाळेची बदनामी होईल' म्हणून मुख्याध्यापकांनी झाकून ठेवला, तर त्यांनाही शिक्षा होऊ शकते.

ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बदलापूरच्या एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. सगळा महाराष्ट्र हळहळला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं शाळांसाठी सुरक्षेचे उपाय पुन्हा बजावून सांगितले. शाळेत तक्रारपेटी हवी, ती नियमानं उघडली जायला हवी. २०२२ मध्ये ठरलेली 'सखी सावित्री समिती' प्रत्येक शाळेत खरोखर काम करणारी हवी. तुमच्या शाळेतली तक्रारपेटी कुठं आहे, सांगा बरं? माहीत नसेल, तर उद्याच शोधून काढा!

आणि एक नंबर पाठ करून ठेवा : १०९८. दहा-नऊ-आठ, उलटे आकडे मोजल्यासारखा. मुंबईत १९९६ साली मुलांसाठी ही फोनसेवा सुरू झाली, पुढे ती देशभर गेली. दिवसा-रात्री केव्हाही, फुकट लागते. तातडीच्या संकटात ११२ आहेच.

फोन करायचा धीर नाही झाला? मग आई, आजी, मावशी, आवडत्या बाई, शाळेच्या वाटेवरच्या अंगणवाडीताई, कुणीही एक माणूस निवडा. त्यानं ऐकलं नाही, तर दुसरं. दुसऱ्यानं ऐकलं नाही, तर तिसरं. कुणीतरी ऐकेपर्यंत सांगायचं थांबवायचं नाही. निरोप, फोटो पुसून टाकू नका, ते दाखवायला उपयोगी पडतात. आणि एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. झालेल्या प्रकारात तुमची चूक नसते. तुम्ही आधी उत्तर दिलं असेल, भेट घेतली असेल, गप्प राहिला असाल, तरीही नसते.

हे आई-बाबांना वाचायला द्या

पालकहो, मोबाइल बहुधा तुमच्याच नावावर असतो. वर्गाच्या गटात मुलाचा नंबर देण्यापेक्षा तुमचा द्या. मुलाला एकट्याला निरोप आला, तर रागावून मोबाइल काढून घेऊ नका. एकदा काढून घेतलात, की पुढच्या वेळी मूल सांगणारच नाही.

'गुरुजी म्हणजे देव' असं म्हणून मुलाचं बोलणं तोडू नका. तसंच कुजबुज ऐकली म्हणून शाळेवर मोर्चाही नेऊ नका. आधी मुलाचं शांतपणे ऐका. "तू आधी का नाही सांगितलंस?" हा प्रश्न विचारू नका. "सांगितलंस ते फार बरं केलंस," एवढंच म्हणा. गुन्ह्याची शंका असेल, तर गावकीत मिटवू नका, थेट पोलिसांना कळवा. गावात मिटवलेलं प्रकरण मिटत नाही, ते फक्त दुसऱ्या शाळेत जातं.

शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतातच. पुढच्या बैठकीत पोषण आहार आणि छपराच्या पत्र्यांबरोबर हा विषयही घ्या. आणि चांगल्या शिक्षकांच्या पाठीशी उभे राहा. रात्री दहाला "गृहपाठ काय आहे?" म्हणून तुम्हीही त्यांना फोन करत नाही ना?

या शनिवारी करून पाहा

शनिवारी सकाळची शाळा असते, थोडा निवांतपणा असतो. वर्गशिक्षकांना सांगा, "सर, आम्हाला आपल्या वर्गाचे बांधाचे नियम करायचे आहेत." एक मोठा कागद घ्या. मधोमध रेघ मारा. एका बाजूला शिक्षकांनी काय पाळायचं, दुसऱ्या बाजूला मुलांनी काय पाळायचं, ते लिहा. सुरुवातीला हे घ्या :

— अभ्यासाचे निरोप फक्त गटावर. गटात किमान दोन शिक्षक आणि पालकांचे नंबर.
— रात्री आठनंतर निरोप नाही, ना शिक्षकांचा, ना मुलांचा. पूर, बिबट्या, अपघात असेल तरच अपवाद.
— एकट्या मुलाला शिकवायचं, तर दार उघडं.
— विचारल्याशिवाय कुणी कुणाचा फोटो काढायचा नाही, लावायचा नाही.
— कुणालाही वाहनावरून सोडायचं, तर आधी घरी फोन.
— भेट द्यायची, तर सगळ्या वर्गाला. शिक्षकदिनी फूल पुरे!

पुढचे नियम तुम्ही आणि शिक्षकांनी मिळून लिहायचे. खाली दोघांच्याही सह्या घ्या आणि कागद वर्गात फळ्याशेजारी लावा, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा. शेताच्या बांधावर खुणेचा दगड असतो ना, तसा हा तुमच्या वर्गाचा दगड. तो रोवताना गुरुजींचा हात आणि तुमचे हात, दोन्ही लागू द्या.